६१७४ : गुणधर्म संख्येचे किती आणि लेखनपद्धतीचे किती

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मिळणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने लावून मिळणारी संख्या वजा केली आणि येणाऱ्या बाकीवर हीच कृती पुन्हा पुन्हा केली, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते. त्यानंतर ती बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ एवढीच बाकी राहते. या कृतीला कापरेकर कृती आणि ६१७४ या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. मनोरंजक गणिताच्या पुस्तकांत या संख्येचा उल्लेख हमखास सापडतो, परंतु तो बहुधा एका नवलाचा उल्लेख असतो. नवल कोठून येते, त्यातील किती भाग संख्येच्या अंगचा आणि किती भाग ती दशमान पद्धतीत लिहिण्याच्या रीतीचा, याचा उलगडा त्यात क्वचितच असतो. प्रस्तुत आढाव्यात ६१७४ चे ज्ञात गुणधर्म त्यांच्या कारणांनुसार वेगवेगळ्या थरांत मांडले आहेत. असे थर पाडल्याशिवाय या संख्येचे मोल ठरवता येत नाही, हे या मांडणीमागचे मुख्य प्रतिपादन आहे.

शोध आणि शोधक

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे शालेय शिक्षकाचे काम केले आणि संशोधनाची कोणतीही औपचारिक पदवी नसताना संख्यांच्या अंकांशी निगडित प्रश्नांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. हर्षद संख्या, स्वयंभू संख्या, डेमलो संख्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या या सर्व संकल्पना त्यांच्या आहेत. ६१७४ संबंधीचा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि पुढे ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतून निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाचा परिचय करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर पोचले. कापरेकरांचे निधन १९८६ मध्ये झाले.

कृतीचा एक पूर्ण नमुना पुढील विवेचनाला उपयोगी पडेल. १९०५ ही संख्या घेतली तर पहिली वजाबाकी ९५१० − ०१५९ = ९३५१ अशी होते, आणि तिच्यापासून क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ या संख्या मिळतात; म्हणजे येथे सातही पायऱ्या लागतात. कृती करताना आरंभीचे शून्य टाकून द्यायचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. २१११ पासून सुरुवात केली तर २१११ − १११२ = ०९९९ अशी बाकी येते; ती ९९९ अशी तीन अंकी मानली तर पुढच्याच पायरीला शून्य उरते, परंतु ०९९९ अशी चार अंकी ठेवली तर ८९९१, ८०८२ आणि ८५३२ या मार्गाने ६१७४ गाठता येते.

एका वजाबाकीत काय घडते

उतरत्या क्रमाने लावलेले चार अंक क, ख, ग, घ मानले, तर पहिली संख्या १०००क + १००ख + १०ग + घ आणि दुसरी १०००घ + १००ग + १०ख + क अशी असते, आणि त्यांची वजाबाकी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) एवढी येते. याचा अर्थ असा की बाकी ठरवण्यासाठी चारही अंक माहीत असण्याची गरज नसते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक एवढ्या दोनच गोष्टी पुरतात. बाहेरच्या फरकाला प आणि आतल्या फरकाला फ म्हटले, तर प ची किंमत १ ते ९ पर्यंत आणि फ ची किंमत ० ते प पर्यंत असू शकते, म्हणून अशा जोड्या केवळ ५४ होतात. ०००० ते ९९९९ या दहा हजार संख्यांपैकी चारही अंक सारखे असलेल्या दहा वगळल्या, तर उरलेल्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर येऊन पोचतात. नवलाचा मोठा भाग येथेच उलगडतो : पहिल्या पायरीतच जवळजवळ सर्व माहिती गळून पडते आणि पुढचा प्रवास फार थोड्या वाटांनी होतो.

या ५४ संख्यांची रचनाही ठरावीक असते. फ शून्य नसेल, तर बाकीचे चार अंक डावीकडून प, फ − १, ९ − फ आणि १० − प असे असतात. त्यांपैकी बाहेरच्या दोघांची बेरीज नेहमी १० आणि आतल्या दोघांची बेरीज नेहमी ८ होते, म्हणून एकूण बेरीज १८ ठरते. फ शून्य असेल, तर अंक प − १, ९, ९ आणि १० − प असे असतात आणि बेरीज २७ होते. पुढच्या वजाबाकीसाठी अंकांचा क्रम महत्त्वाचा नसून केवळ कोणते अंक आहेत एवढेच महत्त्वाचे असल्यामुळे, एकाच अंकसमूहापासून बनलेल्या संख्या एकत्र मोजता येतात आणि ५४ संख्या ३० अंकसमूहांत बसतात : पहिल्या प्रकारचे २५ आणि दुसऱ्या प्रकारचे ५. हे तीस अंकसमूह एकेक करून तपासले की सर्व वाटा ६१७४ कडेच जातात, हे कागदावर थोड्या वेळात सिद्ध करता येते. त्यासाठी संगणकाची गरज नाही.

पायऱ्यांची विभागणीही याच सूत्रातून काढता येते. एका पायरीत ६१७४ वर येणाऱ्या संख्यांसाठी प = ६ आणि फ = २ असावे लागतात, आणि अशा संख्या, स्वतः ६१७४ धरून, ३८४ आहेत. दोन पायऱ्या लागणाऱ्या ५७६, तीन लागणाऱ्या २,४००, चार लागणाऱ्या १,२७२, पाच लागणाऱ्या १,५१८, सहा लागणाऱ्या १,६५६ आणि सात लागणाऱ्या २,१८४ संख्या आहेत. या सर्वांची बेरीज बरोबर ९,९९० होते आणि सरासरी सुमारे ४.६७ पायऱ्या येते. सातच्या पुढे एकही संख्या जात नाही.

स्थिर संख्या आणि चक्र

या विषयावरील लोकप्रिय लेखनात तीन वेगळी विधाने पुष्कळदा एकात एक मिसळली जातात, म्हणून ती सुटी करून पाहणे आवश्यक आहे. पहिले विधान असे की कृती कितीही वेळा केली तरी ती कोठे तरी पुनरावृत्तीत शिरतेच. हे चार अंकांपुरते मर्यादित नाही. ठरावीक अंकांच्या संख्या मोजक्याच असल्यामुळे अशी कोणतीही कृती केव्हा ना केव्हा आधी आलेल्या संख्येवर परत येणारच, आणि त्यात ६१७४ चे वैशिष्ट्य काहीच नाही. दुसरे विधान असे की चार अंकी संख्यांत शून्याखेरीज एकच स्थिर संख्या आहे, म्हणजे कृती केल्यावर जशीच्या तशी राहणारी संख्या एकच आहे. तिसरे विधान असे की या स्थिर संख्येखेरीज दुसरे कोणतेही चक्र नाही, म्हणजे काही संख्या एकमेकींना जन्म देत गोल फिरत आहेत असे कोठेही घडत नाही. ६१७४ चे खरे वैशिष्ट्य दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानाच्या एकत्र सत्य असण्यात आहे.

दुसऱ्या विधानाची सिद्धता बीजगणिताने मिळते. समजा प, फ − १, ९ − फ आणि १० − प या अंकांत ९ − फ सर्वांत मोठा आणि फ − १ सर्वांत लहान आहे, आणि मधल्या दोघांत प मोठा आहे. संख्या स्थिर असायची तर बाहेरचा फरक पुन्हा प आणि आतला फरक पुन्हा फ आला पाहिजे, म्हणून प = १० − २फ आणि फ = २प − १० ही दोन समीकरणे मिळतात; ती सोडवली की प = ६, फ = २ आणि संख्या ६१७४ येते. अंकांच्या लहानमोठेपणाच्या इतर शक्यता घेतल्या, तर कोठे अपूर्णांक येतो, कोठे प ची किंमत १० येते, तर कोठे मिळालेली उत्तरे मूळ गृहीतकाशी जुळत नाहीत. ६१७४ अशा रीतीने दोन साध्या समीकरणांचे उत्तर म्हणून समोर येते. तिसऱ्या विधानाला मात्र असा आखूड रस्ता नाही; त्यासाठी तीस अंकसमूहांची तपासणी करावीच लागते.

अंकांची संख्या बदलली तर

ही दोन्ही विधाने आपोआप खरी ठरत नाहीत, हे इतर लांबीच्या संख्या पाहिल्यावर स्पष्ट होते. दोन अंकी संख्यांत स्थिर संख्या नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे पाच संख्यांचे चक्र आहे. तीन अंकी संख्यांत ४९५ ही एकमेव स्थिर संख्या असून तिच्याकडे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत पोचता येते. पाच अंकी संख्यांत पुन्हा स्थिर संख्या नाही आणि तीन चक्रे आहेत. त्यांपैकी सर्वांत लहान चक्रात ५३९५५ आणि ५९९९४ या दोनच संख्या आलटून पालटून येतात. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय सात संख्यांचे एक चक्र आहे, म्हणून शेवट कोठे होईल हे सुरुवातीच्या संख्येवर अवलंबून राहते. आठ अंकांत ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ या, तर नऊ अंकांत ५५४९९९४४५ आणि ८६४१९७५३२ या स्थिर संख्या आहेत. यांतील ८६४१९७५३२ ही १ ते ९ या सर्व अंकांनी बनलेली असून ९८७६५४३२१ मधून १२३४५६७८९ वजा करून ती थेट मिळते.

६१७४, ६३१७६४ आणि ६३३१७६६४ या तीन संख्या एकाखाली एक लिहिल्या, तर पहिल्या संख्येत ३ आणि ६ या अंकांची जोडी योग्य जागी घातली की दुसरी, आणि तशीच आणखी एक जोडी घातली की तिसरी तयार होते, हे दिसून येते. म्हणजे ६१७४ ही स्थिर संख्यांच्या एका वाढत जाणाऱ्या कुळातील पहिली संख्या आहे. परंतु कुळातील पुढच्या संख्या स्थिर असल्या तरी त्या सर्व संख्यांचे एकमेव गंतव्य नाहीत. प्रिचेट, लडिंग्टन आणि लापेंटा या तीन गणितज्ञांनी १९८१ मध्ये सिद्ध केले की, दशमान पद्धतीत सर्व अंक सारखे नसलेल्या प्रत्येक संख्येला आपल्याकडे ओढणारी एकमेव स्थिर संख्या केवळ तीन आणि चार अंकांच्या बाबतीतच असते. ४९५ आणि ६१७४ या दोनच संख्या त्यामुळे त्या अर्थाने कापरेकर स्थिरांक ठरतात.

पाया बदलला तर

दशमान पद्धतीत संख्या लिहिताना दहाच्या घातांचा उपयोग होतो, म्हणून १० हा त्या पद्धतीचा पाया मानला जातो. पाच, आठ, सोळा किंवा अन्य कोणताही पाया घेऊन तेवढीच पद्धतशीर लेखनपद्धती तयार करता येते. वर दिलेली समीकरणे दहाऐवजी ‘म’ हा पाया धरून लिहिली, तर प = म − २फ आणि फ = २प − म अशी होतात, आणि त्यांचे उत्तर प = ३म/५, फ = म/५ असे येते. याचा अर्थ असा की पायाला पाचने पूर्ण भाग जात असेल तर चार अंकी स्थिर संख्या मिळण्याची एक निश्चित रीत उपलब्ध होते. पाया १० असताना ती ६१७४ देते. पाया ५ असताना तिचे अंक ३, ०, ३, २ असे येतात, आणि याच अंकांच्या उतरत्या व चढत्या रूपांची, म्हणजे ३३२० व ०२३३ यांची, पाच पायातील वजाबाकी करून ते पडताळता येते. दशमान पद्धतीत ६१७४ अस्तित्वात असण्याचे एक मूळ कारण असे की दहाच्या अवयवांत पाच आहे.

तथापि हे कारण स्थिर संख्येच्या अस्तित्वापुरतेच पुरते. पाया १५ घेतला तर वरील रीतीने ९, २, ११ आणि ६ या अंकांची स्थिर संख्या मिळते, पण सर्व संख्या तिच्याकडे जात नाहीत, कारण त्या पायात चार टप्प्यांचे एक स्वतंत्र चक्रही आहे आणि त्यात शिरलेली संख्या बाहेर पडत नाही. कोणत्या पायांत चार अंकी कापरेकर स्थिरांक असतो, हा प्रश्न थोर जर्मन संख्यासिद्धांतज्ञ हेल्मुट हासे आणि प्रिचेट यांनी १९७८ मध्ये हाताळला आणि अशा सर्व स्थिरांकांचा निर्णय केला. देवळालीच्या एका शिक्षकाने हातानेच वजाबाक्या करून मांडलेला प्रश्न हासे यांच्यासारख्या गणितज्ञाच्या अभ्यासाचा विषय झाला, ही बाब त्या प्रश्नाच्या खोलीची साक्ष देते.

लेखनपद्धतीपलीकडचे ६१७४

येथपर्यंतचे सर्व गुणधर्म अंकांवर अवलंबून आहेत. संख्या कशीही लिहिली तरी जे बदलत नाहीत ते गुणधर्म अवयवांतून कळतात, आणि ६१७४ = २ × ३² × ७³ हे अवयवीकरण त्यांचा आरंभबिंदू आहे. तिला २४ विभाजक आहेत. त्यांची बेरीज १५,६०० होते, आणि स्वतः संख्या वगळून उरणारी ९,४२६ ही बेरीज संख्येपेक्षा मोठी असल्यामुळे ६१७४ ची गणना विपुल संख्यांत होते. मूळ अवयव जितक्या वेळा येतात तितक्या वेळा घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज केली, तर ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९ = १६९, म्हणजे १३ चा वर्ग मिळतो. ऑयलर यांचे फल म्हणजे दिलेल्या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ खेरीज कोणताही सामाईक विभाजक नसलेल्या संख्यांची गणती. ६१७४ साठी ती १,७६४ येते. ही संख्या ४२ चा वर्ग आहे आणि दशमान पद्धतीत तिचे अंक ६१७४ चेच आहेत.

अंकांची बाजू आणि अवयवांची बाजू यांची भेट १८ या संख्येपाशी होते. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले; ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आहे आणि ६१७४ ÷ १८ = ३४३ असा पूर्ण भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या आहे. यात आश्चर्य नाही, कारण कृतीतून येणारी प्रत्येक बाकी ९ च्या पटीत असते, आणि प = १० − २फ या समीकरणामुळे शेवटचा अंक १० − प सम येतो; त्यामुळे १८ ने भाग जाणे अटळच होते. कापरेकरांच्या इतर दोन कसोट्यांवर मात्र ती उतरत नाही. ज्या संख्येचा वर्ग दोन भागांत तोडून बेरीज केली असता मूळ संख्या मिळते, जसे ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, ती कापरेकर संख्या; ६१७४ चा वर्ग ३,८१,१८,२७६ असून ३८११ + ८२७६ = १२०८७ येत असल्यामुळे ती कापरेकर संख्या नाही. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू संख्या; परंतु ६१५६ + १८ = ६१७४ असल्यामुळे ती स्वयंभूही नाही.

१८ ने भाग जाणे अटळ असले, तरी भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन यावा, हे कृतीच्या रचनेतून निष्पन्न होत नाही. येथे एका वेगळ्या आणि गंभीर प्रश्नाचे दार उघडते. १ + १८ + १८² = ३४३ = ७³ असल्यामुळे ६१७४ ही संख्या १८ + १८² + १८³ अशीही लिहिता येते. नॉर्वेचे गणितज्ञ ट्रिग्वे नागेल आणि विल्हेल्म ल्युंगग्रेन यांच्या कामातून असे सिद्ध झाले आहे की, १ + क्ष + क्ष² ही राशी धन पूर्णांक क्ष साठी एखाद्या पूर्णांकाचा वर्ग, घन किंवा त्यापुढील घात होण्याचा प्रसंग केवळ क्ष = १८ असतानाच येतो. अधिक व्यापक प्रश्न असा आहे की १ पासून सुरू होणाऱ्या, एकाच पूर्णांकाच्या क्रमागत घातांच्या तीन किंवा अधिक पदांची बेरीज पूर्ण घात केव्हा होते. त्याची तीनच उत्तरे ज्ञात आहेत. १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१ = ११² हे एक, १ + ७ + ४९ + ३४३ = ४०० = २०² हे दुसरे आणि १८ चे वर दिलेले तिसरे. चौथे उत्तर आहे की नाही, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. यांपैकी तिसरे उत्तर ६१७४ च्या १८ × ७³ या रूपातच सामावलेले आहे आणि दुसरे उत्तर तिच्या विभाजकांच्या बेरजेत येते, कारण १५,६०० = ३ × १३ × ४०० यातील ४०० हा अवयव ७³ च्या विभाजकांची बेरीज आहे. अंकांच्या कृतीशी या गोष्टीचा कार्यकारणसंबंध मानण्यास आधार नाही; परंतु ती कोणत्याही पायात तितकीच खरी राहते, म्हणून ६१७४ च्या गुणधर्मांत तिचे स्थान वरचे मानले पाहिजे.

हार्डी यांचा आक्षेप आणि मूल्यमापन

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अंकांवर आधारलेल्या नवलांविषयी स्पष्ट नापसंती नोंदवली आहे. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, हे उदाहरण देऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की अशा विधानांचे अर्थपूर्ण व्यापकीकरण होत नाही आणि त्यामुळे ती गंभीर गणितात मोडत नाहीत. कापरेकर यांच्या कामाकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष होण्यामागे हीच दृष्टी होती. हार्डी यांची कसोटी योग्य आहे, परंतु ती ६१७४ ला लावली असता निकाल वेगळा लागतो. ‘कृतीअंती ६१७४ मिळते’ एवढेच विधान केले तर ते खरोखरच एकाकी आहे. मात्र ‘कोणत्या पायात, किती अंकांसाठी, सर्व संख्यांना आकर्षून घेणारी एकच स्थिर संख्या असते’ असा प्रश्न केला की स्थिर बिंदू, चक्रे आणि विभाज्यता यांचा तो एक पद्धतशीर अभ्यास होतो, आणि हासे, प्रिचेट व लडिंग्टन यांच्या निष्कर्षांनी तो तसा झालेलाही आहे.

या आढाव्यातून चार थर वेगळे होतात. कृती पुनरावृत्तीत शिरणे हे संख्यांच्या मर्यादित असण्यामुळे घडते आणि ते सार्वत्रिक आहे. स्थिर संख्येचे ६१७४ हे रूप पायाला पाचने भाग जाण्याशी जोडलेले आहे. दुसरे चक्र नसणे हे दहा हा पाया आणि चार ही लांबी यांच्या विशिष्ट मेळातून येते. आणि १८ + १८² + १८³ हे रूप लेखनपद्धतीपासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. शालेय वर्गात ६१७४ दाखवताना केवळ वजाबाकीचा खेळ दाखवून थांबले, तर विद्यार्थ्याच्या हाती चमत्काराखेरीज काही लागत नाही. ५४ बाक्या, ३० अंकसमूह आणि दोन समीकरणे इथपर्यंत त्याला नेले, तर अमर्याद वाटणारा दावा मोजक्या शक्यतांवर आणून सिद्ध करणे म्हणजे काय, हे आठवी-नववीच्या बीजगणितातच त्याला कळू शकते. कापरेकरांच्या स्थिरांकाचे सर्वांत मोठे मोल यातच आहे, कारण साध्या वजाबाकीपासून सिद्धतेपर्यंतची संपूर्ण वाट इतक्या थोड्या साधनांनी चालता येईल अशी उदाहरणे गणितात फार थोडी आहेत.